सिनेमा १६ : निवडीची सोळा वर्षे

चित्रपटाचा इतिहास बहुधा चित्रपट करणाऱ्यांच्या अंगाने लिहिला जातो आणि ते चित्रपट शोधून, निवडून, एखाद्या भाड्याच्या सभागृहात लोकांपुढे ठेवणाऱ्यांची दखल त्यात एखाद्या वाक्यापुरती घेतली जाते. व्यापारी चित्रपटाच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल, कारण तो प्रेक्षकांपर्यंत नेणारी वितरक आणि चित्रपटगृहे यांची यंत्रणा त्याच्या निर्मितीबरोबरच उभी असते; परंतु ज्या चित्रपटांना कथा नसते, तारे-तारका नसतात, ज्यांची लांबी कधी चार मिनिटांची तर कधी चाळीस मिनिटांची असते आणि जे एकाच माणसाने स्वतःच्या खर्चाने केलेले असतात, त्यांच्या बाबतीत दाखवणारा नसेल तर चित्रपट असूनही नसल्यासारखाच होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत प्रायोगिक चित्रपटाची जी परंपरा उभी राहिली तिच्या मुळाशी न्यूयॉर्क शहरातील एक वर्गणीदारांचे मंडळ होते. ‘सिनेमा १६’ हे त्याचे नाव. १९४७ ते १९६३ अशी सोळा वर्षे ते चालले, ऐन भराच्या काळात त्याचे सुमारे सात हजार सभासद होते, आणि चित्रपटांची निवड व त्यांचा क्रम हेसुद्धा समीक्षेचे, किंबहुना निर्मितीचे, काम असू शकते हे त्या मंडळाने जितक्या ठामपणे दाखवून दिले तितके त्यापूर्वी क्वचितच कोणी दाखवले होते.

मंडळाच्या नावातील ‘१६’ हा आकडा फिल्मच्या रुंदीचा आहे. चित्रपटगृहांत वापरली जाणारी फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची असे, आणि १९५० च्या आसपासपर्यंत ती नायट्रेट या अत्यंत ज्वालाग्राही पदार्थाची बनवलेली असल्यामुळे तिच्या प्रक्षेपणासाठी आगीपासून सुरक्षित अशी स्वतंत्र खोली आणि प्रशिक्षित माणूस लागत असे. ईस्टमन कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये हौशी लोकांसाठी १६ मिलिमीटरची फिल्म बाजारात आणली. ती सहज पेट न घेणाऱ्या ॲसिटेटची होती, तिचा कॅमेरा हातात धरता येत असे आणि तिचा प्रोजेक्टर उचलून शाळेच्या वर्गात किंवा ग्रंथालयाच्या खोलीत मांडता येत असे. युद्धकाळात सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी आणि करमणुकीसाठी या छोट्या फिल्मचा प्रचंड वापर झाला, आणि युद्ध संपल्यावर ती यंत्रसामग्री व ती चालवू शकणारी माणसे दोन्ही नागरी जीवनात परतली. परिणामी ज्याच्यामागे स्टुडिओ नाही अशा व्यक्तीला चित्रपट करणे आणि ज्याच्याजवळ चित्रपटगृह नाही अशा व्यक्तीला तो दाखवणे, ही दोन्ही कामे प्रथमच आवाक्यात आली. मराठीत साठोत्तरी काळातील अनियतकालिकांनी चक्रमुद्रित पानांच्या आधाराने प्रस्थापित प्रकाशनव्यवहाराबाहेर जी वाट काढली, तशीच वाट अमेरिकी चित्रपटात १६ मिलिमीटरच्या फिल्मने मोकळी केली.

ती वाट प्रथम वापरून दाखवण्याचे श्रेय माया डेरेन हिच्याकडे जाते. कीव्ह येथे १९१७ साली जन्मलेल्या आणि लहानपणीच अमेरिकेत आलेल्या या स्त्रीने १९४३ मध्ये पती अलेक्झांडर हॅमिड याच्यासह लॉस एंजेलिसमधील आपल्या घरातच ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ हा स्वप्नसदृश रचनेचा, जेमतेम चौदा मिनिटांचा चित्रपट केला. तो कोणत्याही चित्रपटगृहात लागणे शक्य नव्हते; म्हणून फेब्रुवारी १९४६ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज या लेखक-कलावंतांच्या वस्तीतील ‘प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस’ हे छोटे नाट्यगृह स्वतः भाड्याने घेतले आणि आपले तीन लघुपट तेथे दाखवले. नाट्यगृह भरून गेले आणि अनेकांना जागेअभावी परत जावे लागले. त्याच वर्षी दुसऱ्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या कलासंग्रहालयात, फ्रँक स्टाउफाकर याने ‘आर्ट इन सिनेमा’ ही मालिका सुरू केली, जिच्यात १९२० च्या दशकातील युरोपीय प्रयोगांपासून नव्या अमेरिकी लघुपटांपर्यंतचा पट प्रेक्षकांपुढे मांडला गेला. प्रेक्षक आहे, तो फक्त विखुरलेला आहे, ही गोष्ट या दोन्ही उपक्रमांनी सिद्ध केली.

डेरेनच्या खेळांनी प्रभावित झालेल्यांमध्ये एमॉस व्होगेल हा पंचविशीतला तरुण होता. त्याचा जन्म १९२१ साली व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात झाला होता आणि वडिलांनी आणून दिलेल्या हाताने फिरवायच्या घरगुती प्रोजेक्टरमुळे चित्रपटाची ओढ त्याला लहानपणीच लागली होती. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पुढच्या काही महिन्यांत त्याने रस्त्यांवर, शाळेत आणि शेजारात जे पाहिले त्याची छाप त्याच्या साऱ्या पुढील आयुष्यावर राहिली. कुटुंब क्यूबामार्गे अमेरिकेत पोहोचले. पॅलेस्टाइनमध्ये सामुदायिक शेतीवर जाऊन राहण्याच्या इच्छेने त्याने प्रथम जॉर्जिया येथे शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले; मग तो विचार मागे पडला आणि न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल फॉर सोशल रिसर्च’ या, युरोपातून परागंदा झालेल्या विद्वानांना आश्रय देणाऱ्या, संस्थेत तो शिकला. १९४५ मध्ये त्याने मार्शा डायनर हिच्याशी लग्न केले. तिचा उल्लेख केवळ पत्नी म्हणून करणे अन्यायाचे होईल, कारण सभासदांच्या याद्या, पत्रव्यवहार, हिशेब आणि सभागृहातील व्यवस्था या ज्या कामांवर असे मंडळ खऱ्या अर्थाने जगते त्यांचा मोठा भार सोळाही वर्षे तिने वाहिला.

नोव्हेंबर १९४७ मध्ये, डेरेनने निवडलेल्या त्याच प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउसमध्ये, सिनेमा १६ चा पहिला कार्यक्रम झाला. त्याची घडण लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे, कारण पुढच्या सगळ्या वर्षांचे बीज तीत सापडते. मार्था ग्रॅहम हिच्या नृत्यावरील ‘लॅमेंटेशन’, वानरापासून मानवापर्यंतच्या उत्क्रांतीवरील, ज्युलियन हक्सली या जीवशास्त्रज्ञाचा सहभाग असलेला ‘मंकी इंटू मॅन’, सिडनी पीटरसन आणि जेम्स ब्रॉटन यांचा अतिवास्तववादी ‘द पॉटेड साम’, डग्लस क्रॉकवेल याचा रंगाकारांच्या हालचालींचा अमूर्त ‘ग्लेन्स फॉल्स सीक्वेन्स’ आणि माणसामाणसांत आखल्या जाणाऱ्या काल्पनिक रेषांवरील फिलिप स्टॅप याचा ‘बाउंडरी लाइन्स’ हा चलच्चित्रपट, असे पाच लघुपट एका बैठकीत दाखवण्यात आले. नृत्य पाहायला आलेल्यास उत्क्रांती पाहावी लागली आणि विज्ञानासाठी आलेल्यास अतिवास्तववाद. प्रतिसाद इतका जोरदार होता की तोच कार्यक्रम पुन्हा पुन्हा लावावा लागला.

यश मात्र लगेचच दोन बाजूंनी अडचणीत आले. एक अडचण निसर्गाची होती: पुढच्या कार्यक्रमासाठी व्होगेल दांपत्याने ऐपतीबाहेरचा खर्च करून वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि त्याच संध्याकाळी शहरावर हिमवादळ कोसळले, त्यामुळे सभागृह जवळजवळ रिकामे राहिले आणि उपक्रम जन्मतःच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला. दुसरी अडचण कायद्याची होती आणि ती कायमची होती. न्यूयॉर्क राज्यात १९२१ पासून चित्रपटांसाठी पूर्वपरवानगीचा कायदा लागू होता. तिकीट लावून दाखवायचा प्रत्येक चित्रपट आधी राज्याच्या परीक्षकांकडे पाठवायचा, त्याचे शुल्क भरायचे आणि त्यासोबत संहिता जोडायची, असा नियम होता. ज्या चित्रपटात एकही शब्द नाही, केवळ आकार आणि रंग हलतात, त्याची संहिता कोठून आणायची हा प्रश्न परीक्षकांच्या चौकटीत बसणारा नव्हता. या कायद्याला आव्हान देणेही तेव्हा कठीण होते, कारण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये ‘म्युच्युअल’ खटल्यात चित्रपट हा निव्वळ व्यवसाय आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण लागू होत नाही, असा निर्णय दिला होता. रॉबेर्तो रोसेलिनी याच्या ‘द मिरॅकल’ या इटालियन चित्रपटाचा परवाना न्यूयॉर्क राज्याने १९५१ मध्ये धर्मनिंदेच्या कारणावरून रद्द केला, वितरक जोसेफ बर्स्टिन याने तो लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९५२ मध्ये तो जुना निर्णय फिरला. तरीही परवान्याची पद्धत पुढे अनेक वर्षे रेंगाळत राहिली.

व्होगेल याने या पेचातून काढलेला मार्ग नवा नव्हता. लंडनमध्ये १९२५ साली स्थापन झालेल्या ‘फिल्म सोसायटी’ने रविवारी दुपारी केवळ सभासदांसाठी खेळ लावून सोविएत चित्रपट इंग्लंडमध्ये दाखवले होते; आयझेनस्टाइन याचा, तेथे सार्वजनिक प्रदर्शनाला परवानगी नाकारलेला ‘बॅटलशिप पोटेम्किन’ १९२९ मध्ये त्या सोसायटीनेच लोकांपुढे आणला. सिनेमा १६ याच धर्तीवर ना-नफा तत्त्वावरील सभासदांचे मंडळ झाले. सुटी तिकिटे बंद झाली आणि वर्षाची वर्गणी भरणाऱ्यालाच प्रवेश मिळू लागला. असे खेळ कायद्याच्या दृष्टीने खाजगी असल्यामुळे परीक्षकांचा संबंध संपला. या व्यवस्थेचा आणखी एक लाभ कमी बोलला जातो, पण तो अधिक दूरगामी होता. वर्गणी हंगामाच्या आरंभीच जमा झाल्यामुळे एखादा कार्यक्रम लोकांना आवडला नाही म्हणून मंडळ बुडत नसे, आणि जे लोकांना आवडणार नाही याची खात्री आहे तेही दाखवण्याचे स्वातंत्र्य संयोजकाला मिळत असे.

काही वर्षांतच मंडळ ग्रेनिच व्हिलेजच्या लहान नाट्यगृहातून शिवणकामाचे आणि वस्त्रव्यवसायाचे शिक्षण देणाऱ्या एका सरकारी शाळेच्या सभागृहात गेले. ‘सेंट्रल नीडल ट्रेड्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शाळेच्या सभागृहात सुमारे सोळाशे माणसे बसत आणि एका संध्याकाळी दोन खेळ होत. प्रायोगिक लघुपट पाहण्यासाठी एका रात्रीत तीन हजारांच्या आसपास माणसे येतात ही गोष्ट आजही अविश्वसनीय वाटावी. हे सभासद केवळ चित्रकार आणि कवी नव्हते. शिक्षक, डॉक्टर, समाजकार्यकर्ते, कारकून आणि विद्यार्थी त्यांत होते, आणि प्रत्येक कार्यक्रमासोबत मिळणारी, व्होगेल याने स्वतः लिहिलेली माहितीपत्रके अनेक जण जपून ठेवत. जॅक गोएलमन हा सहकारी त्याच्या जोडीला चित्रपट पाहून निवडण्याचे काम करी. एका हंगामाची निवड करण्यासाठी या दोघांना वैज्ञानिक संस्था, विद्यापीठे, परदेशी दूतावास, वितरकांची धूळ खात पडलेली गोदामे आणि अनोळखी तरुणांनी टपालाने पाठवलेली रिळे यांतून शेकडो चित्रपट पाहावे लागत आणि प्रत्येकाच्या नोंदी ठेवाव्या लागत.

व्होगेल याच्या निवडीचे तत्त्व समजून घेणे हा या इतिहासाचा गाभा आहे. प्रायोगिक चित्रपटांचे मंडळ म्हटले की एकाच जातीचे चित्रपट एकामागोमाग दाखवले जातात आणि त्यांचे जाणकार तेवढेच जमतात, अशी सर्वसाधारण रीत आहे. सिनेमा १६ ने हे कटाक्षाने टाळले. मानसोपचाराच्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला, सर्वसामान्यांनी कधीच पाहिला नसता असा चित्रपट, सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या पेशींचा अभ्यासपट, ऑस्कर फिशिंगर किंवा व्हिटनी बंधूंची अमूर्त रेखाटने, नॉर्मन मॅक्लारेन याने थेट फिल्मवर रंगवलेले चित्रपट आणि एखादा जुना मूकपट हे सारे एका संध्याकाळी परस्परांच्या शेजारी येत. आयझेनस्टाइन याने दोन दृश्यांच्या टकरीतून तिसरा अर्थ निर्माण होतो असे मानले होते. संकलनातील त्या जोडणीला चित्रपटशास्त्रात ‘माँताज’ म्हणतात. व्होगेल याने तेच तत्त्व दृश्यांऐवजी संपूर्ण चित्रपटांना लावले. विज्ञानपटानंतर अमूर्तपट पाहिला की पेशींच्या हालचालीत सौंदर्य दिसू लागते आणि आकारांच्या हालचालीत जीवन. अमूर्तपट आधी दाखवला असता तर हे घडले नसते. क्रमाला अर्थ असतो हे नाटककाराला आणि संपादकाला ठाऊक असते, परंतु चित्रपट दाखवणाऱ्याने ते इतक्या जाणीवपूर्वक वापरल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि सिनेमा १६ चे खरे कर्तृत्व येथे आहे.

या पद्धतीत प्रेक्षकाला सुखावण्याचा हेतू नव्हता. पॅरिसच्या कत्तलखान्यांवरील जॉर्ज फ्रांजू याचा ‘ब्लड ऑफ द बीस्ट्स’ पाहताना अनेकांना सभागृहाबाहेर जावेसे वाटे. समलिंगी वासनेचे स्वप्न उघडपणे रंगवणारा केनेथ अँगर याचा ‘फायरवर्क्स’ दाखवणे त्या काळी धाडसाचेच नव्हे तर धोक्याचेही होते. सभासद नापसंती मोकळेपणाने व्यक्त करत. हुर्यो उडवणे, पाय आपटणे हे नित्याचे होते. नाझींनी १९४० मध्ये ज्यूंविरुद्ध द्वेष पसरवण्यासाठी बनवलेला ‘द इटर्नल ज्यू’ हा प्रचारपटही या मंडळाने दाखवला. ज्याचे बालपण त्या द्वेषाने उद्ध्वस्त केले त्याच माणसाने तो न्यूयॉर्कमधील प्रेक्षकांपुढे, ज्यांत ज्यूंची संख्या मोठी होती, ठेवावा यामागे एक निश्चित भूमिका होती: जे चित्रपट लोकांना विषारी बनवू शकतात ते कसे रचले जातात हे प्रौढ नागरिकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे, आणि काय पाहावे हे त्यांच्या वतीने सरकारने ठरवता कामा नये. ही भूमिका सर्वांना पटण्यासारखी नाही. परंतु ती एका निर्वासिताने, स्वतःच्या जखमेची किंमत मोजून घेतली होती, त्यामुळे तिचे वजन वेगळे आहे.

चर्चेलाही मंडळाने चित्रपटाइतकेच महत्त्व दिले आणि त्याचे सर्वांत संस्मरणीय उदाहरण म्हणजे २८ ऑक्टोबर १९५३ रोजी झालेला ‘कविता आणि चित्रपट’ हा परिसंवाद. कवी आणि चित्रपटकार विलर्ड मास हा अध्यक्षस्थानी होता आणि माया डेरेन, नाटककार आर्थर मिलर, वेल्श कवी डिलन टॉमस व समीक्षक पार्कर टायलर हे वक्ते होते. डेरेनने तेथे जो विचार मांडला तो चित्रपटविचारातील एक मूलभूत विचार ठरला आहे. घटनेकडून घटनेकडे पुढे सरकणारी रचना तिने आडवी मानली आणि एकाच क्षणात खोल उतरून त्याचे भाव, प्रतिमा आणि अनुनाद उलगडणारी रचना उभी मानली. नाटक व कथा आडव्या दिशेने चालतात, कविता उभ्या दिशेने, आणि चित्रपटाला दोन्ही दिशा मोकळ्या असल्या तरी व्यापारी चित्रपट फक्त पहिलीच वापरतो, असा तिचा मुद्दा होता. टॉमस याने या उभ्या-आडव्याची थट्टा केली आणि श्रोत्यांना हसवले. मिलर यालाही ही विभागणी पटली नाही. मंचावर एकट्या पडलेल्या डेरेनने मात्र शांतपणे, न डगमगता आपला युक्तिवाद पुढे नेला. टॉमस त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ९ नोव्हेंबरला, न्यूयॉर्कमध्येच मरण पावला. त्या संध्याकाळी टाळ्या आणि हशा कवीच्या वाट्याला आले, पण आज चित्रपटाच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो तो डेरेनचा विचार, आणि हा निवाडा योग्यच आहे. पुढे तिने प्रायोगिक चित्रपटकारांच्या साहाय्यासाठी ‘क्रिएटिव्ह फिल्म फाउंडेशन’ स्थापन केले तेव्हा त्याच्या पुरस्कारांचे वितरणही सिनेमा १६ च्याच मंचावर होऊ लागले.

दाखवण्यापाठोपाठ वितरणाचे काम आले. न्यूयॉर्कमध्ये गाजलेला लघुपट शिकागोच्या विद्यापीठाला किंवा एखाद्या लहान गावातील ग्रंथालयाला हवा असेल तर तो मिळवायचा कोठून, याला उत्तर नव्हते. म्हणून मंडळाने स्वतःच प्रायोगिक चित्रपट भाड्याने देण्यास आरंभ केला आणि त्यांची सूची वाढत जाऊन दोनशेच्या पुढे गेली. अँगर आणि स्टॅन ब्रॅकेज यांच्यासारख्यांचे चित्रपट या मार्गाने देशभर फिरले. या कामाने चित्रपटकारांना थोडे पैसे मिळवून दिले, पण मंडळाच्या हाती एक प्रकारची सत्ताही दिली, कारण एकच व्यक्ती काय दाखवायचे आणि काय वितरित करायचे हे दोन्ही ठरवू लागली.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडळ आपल्या प्रभावाच्या शिखरावर होते. आल्फ्रेड हिचकॉकसारखा हॉलिवूडचा दिग्दर्शक तेथे येऊन सभासदांशी बोलला. पोलंडमधील विद्यार्थिदशेतील रोमान पोलान्स्की याचा ‘टू मेन अँड अ वॉर्डरोब’ अमेरिकेतील प्रेक्षकांना तेथे पाहायला मिळाला. ११ नोव्हेंबर १९५९ रोजी एकाच कार्यक्रमात दोन चित्रपट दाखवले गेले, जॉन कॅसावेटीस याचा ‘शॅडोज’ आणि रॉबर्ट फ्रँक व आल्फ्रेड लेस्ली यांचा, लेखक जॅक केरुआक याच्या निवेदनाचा ‘पुल माय डेझी’. अमेरिकेतील स्वतंत्र चित्रपटाच्या इतिहासात ही संध्याकाळ एका नव्या पर्वाची सुरुवात मानली जाते. त्याच संध्याकाळी फुटीची चिन्हेही दिसू लागली. लिथुएनियातून निर्वासित म्हणून १९४९ मध्ये न्यूयॉर्कला आलेला जोनास मेकास हा सिनेमा १६ चा अत्यंत निष्ठावान प्रेक्षक होता आणि एव्हाना ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकातील स्तंभामुळे नव्या चित्रपटाचा प्रभावी प्रवक्ता झाला होता. ‘शॅडोज’चे आधीचे, अधिक ओबडधोबड रूप त्याने डोक्यावर घेतले होते आणि कॅसावेटीस याने पुन्हा चित्रित करून सिद्ध केलेले, सिनेमा १६ मध्ये दाखवले गेलेले दुसरे रूप त्याने जाहीरपणे नाकारले.

मतभेद एका चित्रपटापुरता नव्हता. ब्रॅकेज याने १९५८ मध्ये पूर्ण केलेला ‘अँटिसिपेशन ऑफ द नाइट’ हा चाळीसेक मिनिटांचा निःशब्द चित्रपट, ज्यात नायकाची केवळ सावली दिसते आणि कॅमेऱ्याची नजर हाच अनुभव होतो, व्होगेल याने दाखवण्यास व वितरणास घेतला नाही. वेगळ्या संघटनेची निकड याच नकारातून आपल्याला जाणवली, असे मेकास पुढे सांगत असे. सप्टेंबर १९६० मध्ये त्याच्या पुढाकाराने ‘न्यू अमेरिकन सिनेमा ग्रुप’ स्थापन झाला आणि त्यातून १९६२ मध्ये ‘फिल्ममेकर्स कोऑपरेटिव्ह’ ही चित्रपटकारांची स्वतःची वितरण सहकारी संस्था उभी राहिली. तिचे तत्त्व सिनेमा १६ च्या अगदी उलट होते: कोणताही चित्रपट नाकारायचा नाही, कोणाची निवड करायची नाही, आणि भाड्यातील मोठा वाटा थेट निर्मात्याला द्यायचा. निर्मात्याच्या दृष्टीने ही मुक्तीच होती. व्होगेल याला मात्र ती प्रेक्षकाची हेळसांड वाटली. जो सर्व काही स्वीकारतो तो प्रेक्षकाला चांगल्या-वाईटाच्या ढिगात एकटे सोडतो आणि निवडीची जबाबदारी टाळतो, असे त्याचे म्हणणे होते. इतिहास बहुधा विजेत्याच्या बाजूने लिहिला जातो, त्यामुळे पुढील काळात व्होगेल हा जुन्या पिढीचा सावध माणूस म्हणून रंगवला गेला. ब्रॅकेजच्या त्या चित्रपटाला आज अमेरिकी प्रायोगिक परंपरेत जे स्थान आहे ते पाहता त्या एका निर्णयात व्होगेल चुकला हे मान्य करावे लागते. परंतु तत्त्वाच्या प्रश्नात त्याची बाजू लंगडी नव्हती. वितरणाचे दार सर्वांना खुले असावे हे मेकासचे म्हणणे आणि पडद्यापर्यंत जे पोहोचते त्यामागे कोणाची तरी जबाबदार निवड असावी हे व्होगेलचे म्हणणे, ही दोन वेगळ्या कामांविषयीची मते होती, आणि ती एकाच संस्थेवर लादली गेल्यामुळे भांडणाचे रूप पावली.

सिनेमा १६ बंद पडण्याचे निकटचे कारण मात्र पैसा हे होते. सभागृहाचे भाडे, छपाई, टपाल आणि चित्रपटांची भाडी वाढत गेली. घरोघरी दूरचित्रवाणी आली. आणि मंडळाने ज्या परदेशी दिग्दर्शकांची ओळख करून दिली त्यांचे चित्रपट शहरातील छोट्या चित्रपटगृहांत रीतसर लागू लागले, म्हणजे मंडळाचे यशच त्याच्या मुळावर आले. सारा डोलारा सभासदांच्या वर्गणीवर उभा होता आणि सभासद घटू लागताच तो सावरण्यास दुसरा आधार नव्हता. अमेरिकेत कलांना सरकारी साहाय्य देणारी ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ ही संस्था १९६५ मध्ये, म्हणजे मंडळ संपल्यावर दोन वर्षांनी, अस्तित्वात आली. १९६३ मध्ये सिनेमा १६ थांबले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात व्होगेल व रिचर्ड राउड यांनी लिंकन सेंटर येथे न्यूयॉर्क चित्रपट महोत्सव सुरू केला, जो आजही भरतो. व्होगेल १९६८ मध्ये त्यातून बाहेर पडला, पुढे फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात शिकवू लागला आणि १९७४ मध्ये त्याने ‘फिल्म ॲज अ सबव्हर्सिव्ह आर्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यात सोळा वर्षांच्या त्या निवडीमागील दृष्टी सुसंगत रूपात आढळते. २०१२ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

मराठी वाचकाला या इतिहासात ओळखीचे बरेच काही सापडेल. प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउसमधील पहिल्या खेळाच्या महिनाभर आधी, ५ ऑक्टोबर १९४७ रोजी, सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली होती. १९५९ मध्ये देशातील अशा सोसायट्यांचा महासंघ उभा राहिला तेव्हा राय अध्यक्ष झाले आणि सचिवपदाची धुरा दासगुप्ता यांच्यासोबत विजया मुळे यांनी सांभाळली. पाटणा आणि दिल्ली येथील सोसायट्यांच्या उभारणीतही मुळे यांचा वाटा होता. मुंबईत १९६८ साली सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रभात चित्र मंडळ’ सुरू केले. न्यूयॉर्कप्रमाणे येथेही वर्गणी आणि मर्यादित प्रवेश यांच्या आधारानेच सोसायट्यांना सेन्सॉरच्या कात्रीतून सूट मिळाली. फरक आहे तो निवडीचा. आपल्या चळवळीने जगातील श्रेष्ठ कथापट मोठ्या निष्ठेने दाखवले, परंतु विज्ञानपट, अमूर्तपट, अनुबोधपट आणि कथापट यांना एका संध्याकाळी समोरासमोर आणण्याचा व्होगेलचा मार्ग तिने क्वचितच चोखाळला. शाई हेरेदिया यांनी २००३ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘एक्स्पेरिमेंटा’ महोत्सवाने प्रायोगिक चित्रपटाला येथे स्वतंत्र व्यासपीठ दिले, तोवर साडेपाच दशके उलटली होती.

सिनेमा १६ चा इतिहास आज इतक्या तपशिलाने सांगता येतो याचे कारण त्याची कागदपत्रे टिकली हे आहे. कार्यक्रमांच्या याद्या, माहितीपत्रके आणि चित्रपटकारांशी झालेला पत्रव्यवहार यांचे संपादन करून स्कॉट मॅकडोनाल्ड याने २००२ मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, त्यावरच या मंडळाविषयीचे पुढील सारे लेखन उभे आहे. महाराष्ट्रातील फिल्म सोसायट्यांनी गेल्या सहा दशकांत छापलेली पत्रके, सभासदांना पाठवलेली टिपणे आणि हिशेबाच्या वह्या अजून अनेक घरांतील कपाटांत पडून असतील. ज्यांच्याजवळ त्या आहेत त्यांनी त्या रद्दीत जाऊ न देता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थेच्या किंवा एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन कराव्यात.